दीर्घिका ओळखायची कशी?

सर्पिल, लंबवर्तुळाकार, अनियमित. शाळेत दीर्घिकांचे प्रकार बहुधा एवढ्यावरच आटोपतात. मुलं तीन नावं पाठ करतात आणि धडा पुढे सरकतो. मला हे खटकतं, कारण या विषयातली सगळी रंगत नावांत नसून ओळखण्यात आहे.

एडविन हबल यांनी १९२६ मध्ये ही वर्गवारी केली ती छायाचित्रं पाहून. गाभा किती फुगीर, भुजा घट्ट की सैल, मधून ताऱ्यांचा पट्टा गेलाय का, हे त्यांचे निकष. मधे पट्टा असलेल्या सर्पिल दीर्घिकांत आपली आकाशगंगाही येते. लंबवर्तुळाकार दीर्घिकांना त्यांनी ई-० ते ई-७ असे क्रमांक दिले. पण हा आकडा आपल्याला दिसणाऱ्या चपटेपणाचा आहे, खऱ्या घडणीचा नव्हे. ताट वरून गोल दिसतं, कडेने रेघ. भिंगाकार दीर्घिका म्हणजे भुजा नसलेली तबकडी. ती समोरून दिसली की लंबवर्तुळाकार समजून फसायला होतं. अशा वेळी वर्णपट घेऊन तारे एका दिशेने फिरताहेत की सैरावैरा, हे मोजावं लागतं.

रंग तर आकाराइतकाच बोलका. तापलेले निळे तारे फार जगत नाहीत, त्यामुळे निळसर भुजा दिसल्या की तिथे तारे नुकतेच जन्मलेत असं समजावं. कन्या समूहातली एम ८७ ही अवाढव्य लंबवर्तुळाकार दीर्घिका पिवळसर आहे; नवे तारे घडवण्याजोगा थंड वायू तिच्यात फारसा उरलेला नाही. उलट मॅगेलनचे मेघ या अनियमित दीर्घिका आकाराने वेडेवाकड्या, पण वायूने समृद्ध.

हबल यांच्या आराखड्यात लंबवर्तुळाकार दीर्घिका आधी येतात, सर्पिल नंतर. हा वयाचा क्रम मात्र नव्हे. सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आदळून लंबवर्तुळाकार दीर्घिका घडू शकते. आणि पुण्याच्या एनसीआरए संस्थेतील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून शोधलेली ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका पाहा: विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची, तरी दोन रेखीव भुजांची! इतक्या लवकर इतकी सुघड तबकडी अपेक्षित नव्हती.

‘गॅलेक्सी झू’ उपक्रमात २००७ पासून सामान्य माणसं दुर्बिणींनी टिपलेल्या दीर्घिकांची वर्गवारी करत आली आहेत. विज्ञान शिक्षकांनी वर्गातला एखादा तास या कामाला द्यावा. आधी चित्रं दाखवावीत, मुलांना वाद घालू द्यावा, नावं मागाहून सांगावीत.