शेवटची पोळी आणि पहिली सुई

इंदूरच्या साउथ तुकोगंजात मराठी घरे पुष्कळ. मराठी बोलताना मध्येच हिंदी सहज मिसळते आणि माळव्याच्या काही रीतीही या घरांनी आपल्याशा केल्या आहेत. त्यातली एक मला फार आवडते : पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची. आपल्याकडे श्राद्धाच्या दिवशी गाय, कावळा आणि सुण्यासाठी घास बाजूला काढतात. तिथे हा घास रोजचा.

पण गेल्या खेपेला तुकोगंजात गेलो, तर याच शेवटच्या पोळीवरून गल्लीत तट पडलेले. एका बाजूला रोज संध्याकाळी पोळ्या घेऊन खाली उतरणाऱ्या एक काकू, दुसऱ्या बाजूला नातवाला कुत्रा चावला म्हणून संतापलेले एक आजोबा. गंमत म्हणजे दोघेही सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या एकाच आदेशाचा दाखला देत होते. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे होते तिथेच सोडा, हा भाग काकूंना पाठ. पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे सोडू नका, खाऊ घालायच्या जागा ठरवा, रस्त्यात कुठेही घालू नका, हा भाग आजोबांना पाठ. मधले ‘लसीकरण’ दोघांच्याही बोलण्यातून निसटत होते.

मला वाटते, आपल्या भूतदयेची गोची इथेच आहे. होळकरांचे कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाजवळ कुत्रा असतोच. दत्ताच्या पायाशी तर चार. नामदेवांची भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. संस्कृतीने आपल्याला घास काढायला शिकवले. पण घास खाणारा तो जीव आजारी पडला, पिसाळला, तर तो कोणाचा, याचे उत्तर या कथांमध्ये शोधून उपयोग नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल.

इंदुरात तर हा प्रश्न अधिकच उघडा पडला आहे. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षे पहिले आले. घरोघरी कचरा उचलला जाऊ लागला, नाक्यानाक्यांवरचे उकिरडे गेले. खरे सांगायचे तर आपल्या शहरांत भटक्या कुत्र्यांना मुख्यतः उकिरडाच पोसत आला, आणि दयाळूपणाचे श्रेय मात्र आपण घेतले. उकिरडा हटला की कुत्रा आणि माणूस समोरासमोर येतात. मग पोळी घालणे ही नुसती रीत राहत नाही, तो निर्णय होतो.

आता विज्ञानाची बाजू पाहा. पाश्चरने १८८५ मध्ये रेबीजवरची लस प्रथम माणसाला टोचली, ती सशांच्या मज्जारज्जूपासून केलेली होती. आपल्या देशात कितीतरी दशके मेंढ्यांच्या मेंदूपासून लस बनत असे. पोटात घ्यायची ती इंजेक्शने मागच्या पिढीला चांगलीच आठवत असतील. काही रुग्णांना त्या लसीमुळेच अर्धांगासारखे त्रास होत. तिचे उत्पादन आपल्याकडे थांबले ते थेट २००४ च्या अखेरीस. आजची लस वेगळी आहे, पण खोल चाव्यावर द्यायचे सीरम अजूनही बऱ्याचदा घोड्याच्या रक्तापासून केलेले असते. म्हणजे कुत्र्याला वेळेवर एक सुई न टोचण्याची किंमत ससा, मेंढी आणि घोडा यांनी मोजली. हा हिशेब प्राणिप्रेमीही मांडत नाहीत आणि त्यांचे विरोधकही नाहीत.

आपल्या गोव्याने मात्र तो मांडून दाखवला. २०१३ ते २०१९ या काळात इथे जी मोहीम चालली, तिच्यात जाळी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या पथकांनी वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचली. कुठला वाडा झाला आणि कुठला राहिला याची नोंद मोबाइलवर ठेवली. सुमारे ७० टक्के कुत्र्यांपर्यंत लस पोचली, वर्षाला दीड लाख मुलांना शाळाशाळांतून माहिती दिली गेली. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे रेबीजने मरणे थांबले. यासाठी कुत्र्यांची कत्तल करावी लागली नाही.

याचा अर्थ गोव्यात सगळे आलबेल आहे असा नव्हे. लसीने रेबीज थांबतो, चावा थांबत नाही. किनाऱ्यांवर कुत्रे आजही चावतात आणि ज्याला चावला त्याची भीती खोटी नसते. त्यासाठी नसबंदी नेटाने व्हायला हवी, आणि ते काम पालिका-पंचायतींचेच आहे. पण त्यांची गाडी गल्लीत आली की कुत्रे पसार होतात, हेही आपण पाहतो. ते थांबतात एकाच माणसासाठी : रोज पोळी घालणाऱ्या माणसासाठी.

म्हणून माझे मत असे की तुकोगंजातल्या त्या काकूंना अडवू नये, त्यांना कामाला लावावे. गल्लीत कुत्रे किती, नवे कोणते, लस कोणाला टोचायची राहिली, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आणि काकूंनीही एवढे मान्य करावे, की ज्याला आपण पोळी घालतो त्याला सुईसाठी धरून देणे हाही त्याच दयेचा भाग आहे. आजोबांचा नातू सुरक्षित राहील तो त्यामुळेच. आणि कुत्राही.