खेळण्याचा सातबारा

लबुबू आमच्या घोडेगावातही पोचलं. सकाळी मंचरकडे जाणाऱ्या एसटीची वाट बघत मुली स्टँडवर उभ्या असतात, त्यातल्या दोघी-तिघींच्या बॅगेला ते दात विचकणारं, सशाच्या कानांचं केसाळ बाहुलं लोंबत असतं. बहुतेक नकलीच, कारण खरं एवढ्या स्वस्तात येत नाही. कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये हे पात्र आपल्या चित्रपुस्तकांत आणलं. हाँगकाँगमध्ये जन्मलेला आणि नेदरलँड्समध्ये वाढलेला हा माणूस. पुढे चीनच्या पॉप मार्ट कंपनीने ते बंद डब्यांत घालून विकायला सुरुवात केली. आत कोणतं निघणार ते डबा फोडल्याशिवाय कळत नाही. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या एका लिलावात माणसाएवढं लबुबू १० लाख ८० हजार युआनला गेलं, आपल्या हिशेबाने सव्वा कोटी रुपयांच्या घरात.

अशा बातमीवर ‘काय एकेकाचं वेड’ म्हणून पान उलटता येतं. पण खेळणी जमवण्याच्या या वेडाला इतिहास आहे, आणि त्यातलं एक प्रकरण मी घरात जवळून पाहिलेलं आहे. त्या खेळण्याचं नाव वेबकिंझ. आपल्याकडच्या दुकानांत ते फारसं कुणी पाहिलं नसेल. अमेरिकेत आणि कॅनडात २००५ नंतर लहान असलेल्या मुलांना मात्र विचारून बघा, त्यांत आपली मराठी मुलंही आली. ती अजून त्या कुत्र्या-मांजरांची नावं सांगतात.

वेबकिंझच्या आधीचा अमेरिकेतला धुमाकूळ होता बीनी बेबीजचा. टाय वॉर्नर यांच्या कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणलेली ही छोटी, आत प्लॅस्टिकचे दाणे भरलेली जनावरं. कंपनी अधूनमधून एखादं जनावर ‘निवृत्त’ झाल्याचं जाहीर करायची, की त्याचा भाव चढायचा. ईबे हे लिलावाचं संकेतस्थळ नुकतंच उभं राहत होतं, आणि त्याच्या सुरुवातीच्या उलाढालीत या बाहुल्यांचा वाटा मोठा होता. १९९९ मध्ये लास वेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणारं एक जोडपं फरशीवर उकिडवं बसून या बाहुल्यांची वाटणी करत असल्याचं छायाचित्र जगभर छापून आलं. मोठ्या माणसांनी ती मुलांच्या शिक्षणाची पुंजी म्हणून जमवली होती. खेळायला कुणी काढलीच नाहीत, कारण कानातली चिठ्ठी दुमडली की किंमत पडायची. भाव कोसळले तेव्हा कपाटंच्या कपाटं भरून राहिली.

वेबकिंझने यात मोठा फरक केला, आणि मला तो मनापासून चांगला वाटतो. टोरांटोच्या गँझ कुटुंबाची १९५० पासूनची कंपनी, भेटवस्तूंच्या छोट्या दुकानांना माल पुरवणारी. तिने २९ एप्रिल २००५ रोजी ही खेळणी आणली. कुत्रा, मांजर, बेडूक, हत्ती. पायाच्या तळव्यावर इंग्रजी ‘डब्ल्यू’ हे अक्षर भरतकामात काढलेलं. किंमत दहा-पंधरा डॉलर. गळ्यात एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीच्या आत गुप्त कोड. तो कोड संगणकावर घातला, की मिस बर्डी नावाची पक्षीण तुमच्याकडून दत्तकविधान करून घेई. प्राण्याला नाव ठेवायचं, जन्मदाखला मिळायचा आणि हातातलाच कुत्रा पडद्यावर जिवंत होऊन इकडेतिकडे बघायला लागायचा. त्याला एक खोली मिळे. खोलीत पलंग हवा, खाणं हवं, तर किंझकॅश नावाचे पैसे कमवावे लागत. ते मिळत खेळ खेळून, नोकरी करून, नाहीतर वयाप्रमाणे विचारलेल्या प्रश्नांची बरोबर उत्तरं देऊन. भूक, तब्येत आणि आनंद अशी तीन मापं. हेळसांड झाली तर प्राणी आजारी पडे आणि डॉक्टर क्वॅक या बदकाकडे न्यावा लागे. पण मरत नसे. जपानच्या बांदाई कंपनीचं तामागोची १९९६ मध्ये आलं होतं, त्यातलं पिल्लू लक्ष नाही दिलं की मरायचं आणि शाळेत मुलं रडत बसायची. गँझने ते टाळलं.

जाहिरातींवर फार खर्च न करता, एका पोराने दुसऱ्याला सांगत ही खेळणी पसरली. २००७ पर्यंत वेड एवढं वाढलं, की ‘वेबकिंझ शाळेत आणू नका’ असं काही शाळांना सांगावं लागलं.

२००८ च्या पावसाळ्यात माझी बहीण न्यू जर्सीहून लेकीला घेऊन आली. भाची आठ वर्षांची. तिच्या काखेत एक तपकिरी कुत्रा, विमानात, एसटीत, जेवताना, सगळीकडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘‘मामा, हा उपाशी आहे.’’ मला वाटलं लटकं बोलतेय. मग तिने कोडची, खोलीची, खाण्याची सगळी हकिकत सांगितली. प्रश्न खरा होता. घरी संगणक नव्हता. गावात इंटरनेट होतं ते एमएस-सीआयटीच्या वर्गात, आणि ते दिवस भारनियमनाचे. वीज कधी येते आणि कधी जाते याचं वेळापत्रक घरातल्या लहान पोरालाही पाठ असायचं. आम्ही मामा-भाची वीज यायच्या वेळेला त्या वर्गात जाऊन बसलो. सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणत, आमच्याकडे तेवढाही नीट मिळत नव्हता. खोली पडद्यावर यायला इतका वेळ लागला, की मास्तर दोनदा येऊन बघून गेले. आधी भिंत आली, मग पलंग, मग सगळ्यात शेवटी कुत्रा. त्याच्या भुकेचं माप खाली गेलेलं. भाचीने त्याला खाऊ घातलं आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं देऊन उद्याच्या खाण्याची सोय करून ठेवली. मग आम्ही चिखल तुडवत घरी आलो.

माझ्या आईला हे सगळं चटकन कळलं, मला कळलं त्याच्या आधी. पोळ्याला घरात मातीचे बैल मांडून त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवणारी ती बाई. निर्जीवाला भूक असते हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. तिच्या लहानपणी लाकडाची ठकी आणि चिंध्यांचा बाहुला यांचं लग्न लागायचं, आळीतली पोरं वऱ्हाडी व्हायची, भातुकलीत चुरमुऱ्यांची पंगत बसायची. तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यांची वीतभर गोधडी शिवली आणि कुत्र्यावर पांघरली. भाचीने संगणकातला पलंग आजीला तोंडी वर्णन करून सांगितला, आजीने तिला ठकीचं लग्न सांगितलं. दोघींचं छान जमलं.

वेबकिंझमध्ये मुलांना एकमेकांशी बोलता येई, पण मनाला येईल ते लिहिता येत नसे. आधीच तयार असलेल्या वाक्यांतून एक निवडायचं. त्यामुळे कुणी मोठं माणूस मुलाचं सोंग घेऊन घराचा पत्ता विचारू शकत नव्हतं. मुलांसाठी इंटरनेटवर काही उभं करायचं तर असं करावं, हे त्यांनी करून दाखवलं. त्याच कंपनीने २००७ मध्ये आतल्या पानांवर ‘बी मूव्ही’सारख्या चित्रपटांच्या जाहिराती आणल्या, तेव्हा अमेरिकेतल्या पालकांनी आणि बालहक्कवाल्यांनी आवाज उठवला. खेळण्याचे पैसे घेतल्यावर मुलालाच पुन्हा गिऱ्हाईक म्हणून विकायचं, हे मलाही पटत नाही.

पण मला खरी बोचते ती दुसरीच गोष्ट. एका खेळण्याचा कोड एक वर्ष चालायचा. वर्ष संपायच्या आत नवं खेळणं घेऊन त्याचा कोड घातला तर खातं पुढे चालू राही, नाहीतर घर बंद. फुकट खाती पुढे बऱ्याच उशिरा आली. दिवसातून एकदाच फिरवायचं बक्षिसाचं चक्र होतं, रोज यावंसं वाटावं म्हणून. मधूनमधून प्राणी निवृत्त करायची बीनी बेबीजची युक्तीही होतीच. आठ वर्षांच्या मुलीने प्रश्न सोडवून, नोकऱ्या करून सजवलेली खोली टिकवायची, तर आईवडिलांनी दरवर्षी पंधरा डॉलर मोजायचे. म्हणजे प्राणी मुलीचा, त्याचं नाव तिने ठेवलेलं, आणि सातबारा कंपनीच्या नावावर.

हा शब्द माझ्या तोंडी आला, कारण मी आंबेगाव तालुक्यातला. ज्या गावावरून तालुक्याला हे नाव पडलं, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कचेऱ्या इथे घोडेगावात आहेत, पाटीवर नाव आंबेगावचं. गाव उठण्याचं दुःख आणि खेळातली खोली जाण्याचं दुःख एका पारड्यात टाकायचा विचारही माझ्या मनात येणार नाही. पण जागा कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न आमच्याकडे पोरंही विचारतात, तो इथून शिकलेला आहे.

पडद्यावरची गावं एकामागून एक गेलीच. ऑक्टोबर २००५ मध्ये कॅनडातच सुरू झालेलं क्लब पेंग्विन डिस्नेने २००७ मध्ये ३५ कोटी डॉलरना घेतलं. त्यांचीही मऊ पेंग्विनं निघाली, कोड घातला की नाणी मिळणारी. त्या खेळात एक हिमनग होता. सगळे मिळून एका कडेला उभे राहिले तर तो उलटतो, अशी मुलांमध्ये वदंता होती, आणि मुलं वर्षानुवर्षं तिथे गर्दी करत. तो कधी उलटला नाही. मार्च २०१७ मध्ये खेळ कायमचा बंद करायचं ठरलं, तेव्हा शेवटच्या दिवसांत कंपनीने तो उलटू दिला. इंग्लंडचे मोशी मॉन्स्टर्स डिसेंबर २०१९ मध्ये गेले. हे खेळ ज्या फ्लॅश तंत्रावर चालत, ते अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवलं, आणि अशी कितीतरी जगं उघडेनाशी झाली. वेबकिंझने मात्र वेगळं ॲप करून आपलं जग टिकवलं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

त्याच कंपनीने २०१९ मध्ये कित्येक वर्षं न उघडलेली जुनी खाती काढून टाकणार असं जाहीर केलं, तेव्हा कॉलेजात गेलेली, नोकरीला लागलेली मुलं पासवर्ड आठवत बसली. बापाच्या कुठल्या जुन्या ईमेलवर खातं होतं ते शोधू लागली. पुढच्याच वर्षी वेबकिंझच्या सुमारे २ कोटी ३० लाख खात्यांची नावं आणि पासवर्ड चोरीला गेल्याचं उघड झालं. मुलाला आपलीच खोली उघडता येईना, आणि चोराला किल्ल्यांचा जुडगा मिळाला!

आपल्याकडे याचा विचार आत्ताच करायला हवा. परदेशी खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. भारतीय मानक ब्यूरोची खूण नसलेलं खेळणं १ जानेवारी २०२१ पासून विकता येत नाही. इथले कारखाने वाढावेत म्हणून हे झालं, आणि ते वाढले तर मला आनंदच आहे. पण खूण सांगते ती खेळण्याच्या अंगाची गोष्ट: रंग विषारी नाही, शिवण उसवत नाही, डोळा तुटून घशात अडकत नाही. कोडच्या पलीकडे काय आहे, ते ती सांगत नाही. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करतो, पालकांची संमती मागतो, माहिती पुसून घ्यायचा हक्कही देतो. आपलं जमवलेलं सोबत घेऊन जाण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता, मंजूर झालेल्या कायद्यात तो उरला नाही. युरोपात विकलेले खेळ कंपन्यांनी परस्पर बंद करू नयेत म्हणून २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या दिल्या. तशी एखादी मागणी इथेही व्हायला हवी. खोली बंद करायची असेल तर मुलाला त्याची चित्रं, त्याने ठेवलेली नावं, जन्मदाखला हातात द्या, एवढी साधी.

तोवर आपण एक करू शकतो. येत्या वाढदिवसाला, जत्रेला, दिवाळीला क्यूआर कोडचं खेळणं मुलासाठी घ्याल, तेव्हा डब्यावरची मानक ब्यूरोची खूण बघा आणि दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: कोड किती दिवस चालतो, पुढे पैसे लागतात का, आणि त्यात मुलाचं नाव-वय भरावं लागतं का. त्याला सांगता आलं नाही, तर ते खेळणं परत ठेवा आणि बिनकोडचं घ्या.