मायबोलीतलं विद्यापीठ

मुलांनो, परवा वर्गात एकजण म्हणाला, “गुरुजी, मोठं शिकाचं त इंग्रजीच लागते ना?” मी त्याला थेट कॅनडात नेलं. नकाशावर हो! तिथं मॉन्ट्रियल शहरात डोंगराच्या उतारावर एक विद्यापीठ आहे. १८७८ मध्ये क्वेबेकच्या लावाल विद्यापीठाची शाखा म्हणून ते निघालं. कॅनडात इंग्रजी बोलणारे जास्त. पण इथली मुलं कायदा, डॉक्टरकी, अगदी गुराढोरांची डॉक्टरकीसुद्धा फ्रेंचमधून शिकतात.

“अन् आपल्याकडं?” पोरानं लगेच विचारलं.

आहे की! पातूरहून अकोला, अमरावती करत मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला जा. मराठी भाषा विद्यापीठ २०२४ मध्ये तिथं सुरू झालं. अजून लहान आहे, पण गाव कसं निवडलंय बघा. तेराव्या शतकात याच गावी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिलं. चक्रधरस्वामींना पाहिलेली माणसं गाठायची, त्यांच्या आठवणी विचारून घ्यायच्या. स्वतः संस्कृतचे पंडित, पण लिहिलं लोकांच्या मराठीत. संशोधन म्हणतात ते हेच ना?

आता तुम्ही आजीला तिच्या लहानपणाची एक गोष्ट विचारा आणि ती बोलेल तश्शी, वऱ्हाडी शब्दांसकट वहीत उतरवा. शुद्धलेखनाचे गुण मी कापणार नाही!