जांभळ्या खड्याला आमचे दोन शब्द

फेब्रुवारीत जन्मलेल्या लेकराच्या स्नानसंस्काराला जांभळ्या ॲमेथिस्टचे पदक द्यावे, तो खडा ‘लाभतो’, असा सल्ला उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आमच्या ख्रिस्ती घरांतही आता कानी पडतो. खड्याशी आमचे वैर नाही. आमचा विरोध आहे तो या ‘लाभण्याला’.

या रत्नाचा मान आम्ही जाणतो. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात अहरोनच्या ऊरपटावर ते तिसऱ्या ओळीत आहे. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात ते नव्या यरुशलेमच्या बाराव्या पायाचे रत्न आहे. शतकानुशतके महागुरुस्वामींच्या अंगठीत ते शोभले. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘न झिंगलेला’. म्हणून ते संयमाचे प्रतीक ठरले. जांभळा हा आमच्या प्रायश्चित्तकाळाचाही रंग आहे.

पण अहरोनच्या ऊरपटावरील बारा रत्ने इस्राएलच्या बारा वंशांची होती, बारा महिन्यांची नव्हेत. आजची महिनेवार यादी १९१२ साली अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघटनेने ठरवली. तीत धर्म कमी, व्यापार अधिक. इकडे हाच खडा ‘जामुनिया’ म्हणून, नीलमाचे उपरत्न म्हणून, शनीच्या भयावर विकला जातो. एकाने नशीब विकायचे, दुसऱ्याने भीती विकायची. गिऱ्हाईक मात्र एकच!

मुळात हा खडा म्हणजे गारगोटीचाच भाऊबंद. अंशमात्र लोह आणि नैसर्गिक किरणोत्सार यांनी त्याला जांभळा रंग येतो. आपला मलंगगड ज्या काळ्या पाषाणाचा, त्याच जातीच्या पाषाणाच्या पोकळ्यांत तो घडतो. एकेकाळी तो माणकापाचूंच्या पंक्तीत बसे. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमध्ये प्रचंड साठे सापडले आणि भाव कोसळला. त्याला भट्टीत तापवले की बहुधा तो पिवळा होतो आणि ‘सिट्रीन’ म्हणून नोव्हेंबरच्या लेकरांना विकता येतो. फेब्रुवारीचे नशीब भट्टीत घालून नोव्हेंबरचे करता येत असेल, तर ते नशीब कसले?

कुणी म्हणेल, एवढ्याशा खड्याने काय बिघडते? बिघडते ते हे, की स्नानसंस्काराच्या पाण्याने भागले नाही, त्याला शनीचा जामीन हवा, असे आपण लेकराला नकळत शिकवतो. १९९२ च्या कॅथलिक श्रद्धाग्रंथाने ताईत धारण करणे निषिद्ध ठरवले आहे, ते उगाच नव्हे. आणि हा खडा दारूची नशा चढू देत नाही, ही ग्रीकांची समजूत खरी असती, तर लग्नघरच्या किती मांडवांतील अश्रू वाचले असते! तिथे खडा नव्हे, निग्रहच लागतो.

१९६५ साली व्हॅटिकन परिषद संपताना सहावे पोप पॉल यांनी महागुरुस्वामींना साध्या सोन्याच्या अंगठ्या दिल्या. त्यांत रत्न नव्हते. म्हणून कुणाचे गुरुपद उणे झाले नाही. तेव्हा खडा सुंदर वाटला तर आयाबहिणींनी तो अवश्य ल्यावा. मात्र त्यासाठी कर्ज काढू नये, आणि लेकराच्या गळ्यात क्रूसाशेजारी त्याला ‘लाभणारा’ म्हणून बसवू नये.