कमी धावणारी गाडी

मागच्या पावसाळ्यात अम्मींचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून दोन वेळा, मंगळवारी आणि शुक्रवारी, पहाटे सहाची पाळी. आमच्या घरापासून मिरजेतले ते हॉस्पिटल चार किलोमीटर. जाताना रिक्षात बसून त्या कशाबशा जात. परतताना मात्र अंगात त्राण नसे, रक्तदाब उतरलेला असे आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे मिटून घेत. एकदा पहाटे साडेपाचला भर पावसात पाऊण तास रिक्षाच मिळाली नाही. त्या दिवशी घरात ठरले की गाडी घ्यायची.

आम्ही दोघेही शिक्षक. नवी गाडी घ्यायची तर कर्ज काढावे लागणार, आणि व्याजाच्या भानगडीत आम्हाला पडायचे नव्हते. भिशीचे आणि साठवलेले मिळून साडेतीन लाख रुपये होत होते. म्हणजे गाडी जुनीच. मग हिशेबाची वही उघडली.

आधी प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करतो. नुसत्या पैशाच्या हिशेबाने आम्हाला रिक्षाच स्वस्त पडत होती. जाऊन-येऊन दोनशे रुपये धरले तरी वर्षाच्या १०४ फेऱ्यांचे वीस-एकवीस हजार. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल आणि दर वर्षी उतरणारी किंमत धरली तर खर्च याच्या दुपटीहून जास्त. ज्यांच्या घरी अशी नड नाही आणि वर्षातून दोन लग्नांपुरतीच गाडी लागते, त्यांनी भाड्याची गाडी करावी आणि सुखाने झोपावे. आम्हाला मात्र पहाटेचा भरवसा विकत घ्यायचा होता.

पुढचा प्रश्न, गाडी चालणार किती? हॉस्पिटलच्या फेऱ्या वर्षाला साधारण साडेआठशे किलोमीटर. अम्मींचे माहेर इचलकरंजी, महिन्यातून एकदा जाऊन-येऊन साठ. बाकी कोल्हापूर, सांगली, कुठे निकाह, कुठे मय्यत. सगळे ताणून धरले तरी तीन हजारांच्या वर आकडा जाईना.

इथेच आमच्या भाईजानशी मतभेद झाला. त्यांचे म्हणणे, घ्यायची तर डिझेलची मोठी गाडी घ्या, ॲव्हरेज चांगले देते, चारचौघांत शोभते. भाईजान मोठे, शिवाय गरज पडली तर पैसे घालायला तयार. त्यांना नाही म्हणणे सोपे नव्हते. म्हणून आम्ही वही त्यांच्यापुढे ठेवली. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. पंधराचे ॲव्हरेज देणारी गाडी तीन हजार किलोमीटरला २०० लिटर पेट्रोल पिते, म्हणजे २१ हजार रुपये. वीसचे देणारी १५० लिटर पिते, म्हणजे पावणेसोळा हजारांच्या आसपास. फरक महिन्याला साडेचारशे रुपयांचाही नाही. डिझेल ९२ रुपये आणि ॲव्हरेज वीसचे धरले तरी पंधराच्या पेट्रोल गाडीच्या तुलनेत वर्षाला वाचतात सात हजार, आणि त्यासाठी गाडीला सव्वा लाख जास्त मोजायचे. ते वसूल व्हायला सतरा वर्षे लागतील. गाडीची नोंदणीच मुळी पंधरा वर्षांची असते.

डिझेलचे आणखी एक दुखणे असते. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला इंजिन चांगले तापावे लागते आणि त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालवावी लागते. चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत तो तुंबतो. सीएनजीचाही विचार केला, पण टाकीने डिकी भरली तर अम्मींची व्हीलचेअर ठेवायची कुठे? शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी आलीच. भाईजान वही बघून म्हणाले, “तुम्ही मास्तर लोक, तुमच्याशी वाद कोण घालणार!” आणि चहा प्यायले.

म्हणजे कमी चालणाऱ्या गाडीत ॲव्हरेजला फार महत्त्व उरत नाही. मग महत्त्व कशाला? आम्ही म्हणतो, बसणाऱ्या माणसाला. म्हणून प्रत्येक गाडी बघायला अम्मींना बरोबर नेले. विकणारे चकित होत. पण गुडघे धरलेले माणूस सीटवर बसते कसे आणि उठते कसे, हे माहितीपत्रकात लिहिलेले नसते. बुटक्या गाडीत त्यांना वाकून आत पडल्यासारखे बसावे लागे, आणि उठताना दोघांनी ओढावे लागे. मोठ्या उंच गाडीत पाय वर चढेना. वॅगन आर मात्र त्यांच्या कमरेला बरोबर आली. दार उघडले, त्या टेकल्या, पाय आत घेतले. “हीच बरी,” एवढेच म्हणाल्या. सुटे भाग गावोगाव मिळतात आणि कोणताही मिस्त्री तिला हात लावायला कचरत नाही, हा आणखी एक फायदा.

मॉडेल ठरले, तरी नेमकी गाडी शोधायला दोन महिने गेले. एका एजंटने सहा वर्षांची, फक्त १४ हजार किलोमीटर चाललेली गाडी दाखवली. रंग असा की तोंड दिसावे. पण क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले आणि स्टेअरिंगचे कातडे तेलकट. आमच्या मिस्त्रींनी तिच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी काढायला लावल्या, तर चार वर्षांपूर्वीच ६१ हजारांची नोंद! मीटर मागे फिरवलेले. एजंटला विचारले तर म्हणाला, “सगळेच करतात.” मालाचा ऐब लपवून विकू नये, हे आमचे अब्बा किराण्याच्या दुकानात बसून सांगत. या गृहस्थांना कोणी सांगितले नसावे.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आलेल्या असू शकतात. मिस्त्रींनी शिकवलेली युक्ती सांगतो. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघावा. पाण्यात गेलेल्या गाडीत त्याच्या आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. पायाखालचे कार्पेट उचलावे, सीटच्या खालच्या पट्ट्या गंजल्या आहेत का पाहावे, नाक लावून वास घ्यावा. आणि गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगावे की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गार इंजिन कसे सुरू होते, त्यात बरेच काही कळते.

शेवटी गाडी मिळाली ती एका निवृत्त पोस्टमास्तर साहेबांची. २०१६ ची, ३८ हजार किलोमीटर, पहिलाच मालक. त्यांनी स्वतःहून सांगितले, “डावे दार घासले होते, रंग मारलाय. बॅटरी गेलीय. टायर मूळचेच आहेत.” टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या गाडीच्या टायरवर १८१६ होते, म्हणजे २०१६ सालचा अठरावा आठवडा. नक्षी चांगली होती, पण रबर दगडासारखे झालेले. न चालता उभ्या राहिलेल्या गाडीचे हे असे असते. किलोमीटर कमी म्हणून लोक भुलतात, पण टायर, बॅटरी, ऑइल आणि रबरी नळ्या बसल्या जागी म्हाताऱ्या होतात. पाच टायर आणि बॅटरीचे मिळून २२ हजार धरले आणि तेवढे सांगून भाव केला. सौदा तीन लाख पंधरा हजारांत ठरला.

या गाडीला दोन एअरबॅग आहेत, हेही मुद्दाम लिहितो. चालकासाठी एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये ती अनेकदा नसते. आहे की नाही ते नीट विचारून घ्यावे.

कागदांचे सांगायला हवे, कारण तिथे आम्ही गोते खाल्ले. पोस्टमास्तर साहेबांचे कर्ज कधीच फिटलेले, पण नोंदणी पुस्तकावर बँकेचे नाव तसेच! ते उतरवायला बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागला. त्यात तीन आठवडे गेले आणि अम्मी तोवर रिक्षानेच जात राहिल्या. म्हणून पैसे देण्याआधीच नोंदणी पुस्तक वाचा. मोबाइलवर परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकला की विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. थकलेले ई-चलनही आधीच तपासून विकणाऱ्याकडून भरून घ्यावे. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. गाडी राज्यातलीच असेल तर खरेदीदाराने ३० दिवसांत कळवायचे असते, विमा आपल्या नावावर करायला मात्र १४ दिवसच. विम्यातला दावा न केल्याचा बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा. त्यामुळे विमा नावावर करताना फरकाचे पैसे भरावे लागले. हे आम्हाला आधी माहीत नव्हते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का, तेही बघा.

आमच्या गाडीची नोंदणी २०३१ पर्यंत आहे. पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते, पण त्याची फी आता पाच हजार आहे, आणि पर्यावरण कर वेगळा. जुनी गाडी घेताना हे साल मनात ठेवावे. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते ती यामुळेही.

आता ती घरासमोर उभी असते. रविवारी फजरनंतर आम्ही तिला म्हैसाळच्या रस्त्याला अर्धा तास फिरवून आणतो, नाहीतर बॅटरी उतरते. आठवडाभर चार-चार किलोमीटरच चाललेल्या इंजिनाला एक लांब फेरी मानवते. ऑइल किलोमीटर बघून बदलायचे नाही, वर्षातून एकदा बदलायचेच. पावसाळ्यात सलग उभी ठेवायची झाली तर हँडब्रेक ओढून न ठेवता गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावावी, नाहीतर ब्रेक चिकटतात. उंदरांनी एकदा वायर कुरतडली. मिस्त्रींच्या सांगण्यावरून बॉनेटखाली तंबाखूची पुडी बांधली आहे. अम्मींना तो वास आवडत नाही. त्या बसायच्या आधी काचा खाली करून ठेवाव्या लागतात.

मंगळवारी पावणेसहाला निघतो. परतताना त्या पुढची सीट मागे कलवून झोपतात, आणि वाटेतल्या गतिरोधकांवरून आम्ही गाडी पहिल्या गिअरमध्ये नेतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात. वाजवू देत.