सही आपली, फायदा कुणाचा?

मैत्रिणींनो, म्हसाच्या जत्रेत बैल घ्यायचा तर आपली माणसं आधी त्याचे दात बघतात. पण दारात सर्व्हेवाली बाई आली, चार प्रश्न विचारून तिने कागद पुढे केला, की आपण एवढंच विचारतो, "सही कुठे करू?" तो कागद कधी कधी फार लांबून आलेला असतो. म्हणून आज मराठवाड्यातली एक गोष्ट सांगते.

१९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था होती. पैसा अमेरिकेच्या गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार भाग पाडले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या भागातल्या ३१ हजार जणींना फक्त माहिती दिली आणि तपासणी कुठे होते ते सांगितलं.

२००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही तपासणीच्या भागात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, चौथ्या भागात ६४. तपासणी झाली होती ती आयुष्यात एकदाच!

यावर पुढे बराच वाद झाला. श्रीमंत देशांत पॅप तपासणीने हे मृत्यू कधीचेच कमी झाले होते, मग इथे तपासणीविना गट कशाला, असं टीकाकार म्हणाले. संशोधकांचं म्हणणं, भारतात खेड्यातल्या बाईची एरवी तपासणी होतच नव्हती, त्यामुळे त्यांचं काही काढून घेतलं नाही. मला हे उत्तर पुरतं पटत नाही. आपल्याकडे सोय नाही, ही आपली गरिबी. तीच अभ्यासाच्या सोयीची ठरावी का? पण अभ्यासच नको होता, असंही मी म्हणणार नाही. खेड्यातही हे जमतं, याचा भक्कम पुरावा त्यातूनच मिळाला.

माझा राग पुढच्या गोष्टीचा आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली. आणि आपल्याकडे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा ही तपासणी झालेली नव्हती. आपल्या शहापूरकरणींना हे वेगळं सांगायला नको. तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते.

तेव्हा पुढे कुणी कागद घेऊन आलं तर हक्काने विचारा : पैसे कुणाचे? मी कुठल्या गटात? अभ्यास संपल्यावर हेच औषध, हीच तपासणी आमच्या गावाला मिळणार का? नको म्हटलं तर दवाखान्यातले उपचार बंद होणार नाहीत ना? आणि सही नवऱ्याने किंवा सासूने सांगितली म्हणून नको, तुम्हाला समजलं म्हणून करा.

व्हिनेगरवाली तपासणी २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी, दर पाच वर्षांनी, सांगितलेली आहे. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात ती कुठल्या वारी होते, एवढं आशाताईंना विचारून ठेवा.