माड हलवता येत नाही

काही दिवसांपूर्वी आमच्या शिक्षककक्षात एका विषयावरून हशा पिकला. अमेरिकेच्या वादळी किनाऱ्यावर घरातल्या बंद खोलीत, विजेच्या दिव्यांखाली गांजाची रोपे वाढवणारे लोक आहेत. चक्रीवादळाची सूचना आली आणि घर सोडण्याचा हुकूम निघाला, की या रोपांचे करायचे काय, हा त्यांच्यापुढचा गंभीर प्रश्न असतो. वीज गेली की दिवे आणि पंखे बंद पडतात, कोंदट खोलीत ओल साचते आणि फुलोऱ्यावर बुरशी धरते. रोपे गाडीत घालून न्यावीत तर वाटेत पोलीस, शेजाऱ्यावर सोपवावीत तर शेजारीच खबर देण्याची धास्ती. फ्लोरिडात गांजा औषध म्हणून विकत मिळतो, पण घरी लावणे गुन्हा आहे. तेव्हा आपल्या घरात काही जिवंत मागे राहिले आहे हे या माणसाला कुणाला सांगताही येत नाही. एक सहकारी म्हणाले, "जीव वाचवायचा सोडून हे लोक झाडे कसली वाचवतात!" सगळे हसले. मीही हसलो.

हसून झाल्यावर मात्र मला १५ मे २०२१ची दुपार आठवली. लक्षद्वीपजवळच्या समुद्रात आदल्याच दिवशी वादळ तयार झाले होते. त्याला म्यानमारने सुचवलेले 'तौक्ते' हे नाव मिळाले होते (अर्थ पाल, आमच्याकडे पाल चुकचुकली तर पुढे जाऊ नये म्हणतात) आणि ते किनाऱ्याला समांतर वर सरकत होते. मालवण तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माझी एकाहत्तर वर्षांची काकी एकटी होती. शाळेत जाऊन राहा, असे ग्रामपंचायतीची माणसे दोनदा येऊन सांगून गेली होती. मी फोनवर तेच सांगितले. काकी म्हणाली, "तू जा म्हणतंस, बरा आसा. पण माड काय माझ्यावांगडा येतले?"

मी तिला समजावले, मग थोडा रागावलोही. त्या वेळी मी जे बोललो ते शब्दाशब्दाने आमच्या शिक्षककक्षातलेच होते. जीव वाचवायचा सोडून झाडे कसली!

या लेखाचे भांडण त्या वाक्याशी आहे, म्हणजे आधी माझ्याशी आणि मग आपल्या सगळ्यांशी. 'आपण' म्हणजे मराठी साहित्य शिकणारे आणि शिकवणारे लोक. चक्रीवादळ हा महसूल खात्याचा विषय आहे, त्यात आमचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो भाषेतून येतो.

आपत्तीची सरकारी भाषा पाहा. 'इतक्या नागरिकांचे सुरक्षित स्थळी स्थलांतर', 'जीवितहानी नाही', 'वित्तहानीचे पंचनामे सुरू'. या तीन वाक्यांत जगाची वाटणी पूर्ण झाली. जे हलते ते जीवित, जे हलत नाही ते वित्त. माड कुठे बसवायचा? तो जिवंत आहे, पण जीवितात नाही. गोठ्यातली म्हैस सोडता येते, होडी ओढून वर घेता येते, दागिने कनवटीला लावता येतात. माड हलवता येत नाही. म्हणून हलवण्यावर उभ्या असलेल्या सगळ्या व्यवस्थेला तो दिसतच नाही. वादळाच्या आधी त्याच्यासाठी कुणी येत नाही. येतात ते वादळानंतर, तो आडवा झाल्यावर, फूटपट्टी घेऊन.

आणि दर काय? 'तौक्ते'नंतर राज्य शासनाने नेहमीच्या निकषांपेक्षा वाढवून मदत जाहीर केली. आदल्या वर्षी ३ जून २०२० रोजी रायगड-रत्नागिरीवर आलेल्या 'निसर्ग' वादळाच्या वेळचेच ते दर. बहुवार्षिक फळपिकांना हेक्टरी पन्नास हजार रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. सुपारीच्या झाडाला ५० रुपये. नारळाच्या झाडाला २५० रुपये. हा वाढीव दर, हे ध्यानात घ्यावे. बाणवली जातीचा माड लावल्यापासून सहा-आठ वर्षांनी नारळ देऊ लागतो आणि मग सत्तर-ऐंशी वर्षे देत राहतो. बरा माड वर्षाला साठ-सत्तर नारळ सहज देतो. म्हणजे २५० रुपये ही फार तर त्याच्या एका पाडणीची किंमत झाली. एका झाडासाठी जी रक्कम मिळते तिच्यात ते पडलेले खोड कापून उचलून न्यायची मजुरीही सुटत नाही.

असे का होते याची कारणे हिशेबात शोधावीत तशीच ती कल्पनेतही शोधावी लागतात. हेक्टर हे देशावरच्या शेताचे माप आहे. एक पीक, सलग रान, एक खातेदार असा त्याचा नकाशा असतो. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरची बागायत अशी नसते. घराभोवती वीस-पंचवीस माड, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळीला चढवलेली मिरी, गडग्याच्या कडेला दोन-चार हापूसची कलमे, एखादा फणस, एखादे रातांबीचे झाड. याला किती गुंठे म्हणायचे? आणि ते कुणाच्या नावावर? आमच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या वारसांची अकरा नावे आहेत. त्यांतले नऊ जण मुंबईत, दोघे हयात नाहीत. माडांना पाणी घालणारी काकी त्या अकरांत नाही.

येथे मला पुन्हा त्या गांजावाल्याकडे यावेसे वाटते. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस कायद्याने गांजाची लागवड हा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला आहे. तेव्हा त्या झाडाची नोंद कुठल्याच कागदावर नसणार, हे स्वाभाविक आहे. पण माडाचे काय? त्याला आपण कल्पवृक्ष म्हणतो. नारळी पौर्णिमेला मालवणात समुद्राला सोन्याचा नारळ वाहण्याची प्रथा आहे. निषिद्ध झाड कागदावर नाही आणि पूज्य झाडही, प्रत्यक्ष व्यवहारात, कागदावर धड नाही. फरक इतकाच की गांजावाल्याला आपले झाड लपवावे लागते. काकीचे झाड चाळीस फूट उंच असून कुणाला दिसत नाही.

आता आपल्या अभ्यासक्रमाकडे वळू. 'प्रादेशिक साहित्य' हा घटक मी वर्षानुवर्षे शिकवतो. त्यात कोकण आले की प्रश्नपत्रिकेत हमखास एक प्रश्न येतो: 'निसर्गचित्रण स्पष्ट करा'. उत्तरपत्रिकेत हमखास एक वाक्य येते: 'या कादंबरीत निसर्ग हे एक पात्रच आहे.' या वाक्याला आपण सारे गुण देत आलो आहोत. ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. पात्राला इच्छा असते, देणे-घेणे असते, भूक असते, त्याच्या असण्या-नसण्याने दुसऱ्याचे काही बिघडते. आपल्या टीकेतला माड असा आहे काय? तो 'वातावरणनिर्मिती' या मथळ्याखाली समुद्र, लाल माती आणि कौलारू घर यांच्या ओळीत उभा असतो. त्याला कोण शिपतो, पाडेलीला प्रत्येक माडामागे काय द्यावे लागते, माड कुणाकडे गहाण आहे, भाऊबंदकीत तो कुणाच्या वाट्याला गेला, हे प्रश्न आपण समाजशास्त्रावर सोडून देतो. लेखकांनी हे लिहिलेले नसते असे नाही. कोकणातल्या कथा-कादंबऱ्यांत हद्दीवरचे माड आणि त्यावरून झालेले दावे आहेत, खटल्यांत बुडालेली घरे आहेत. आपण ते वाचताना ओलांडून जातो आणि सूर्यास्तापाशी थांबतो.

याहून मोठा गुन्हेगार शब्द म्हणजे 'नियती'. खानोलकरांवर बोलताना तो आला नाही असे व्याख्यान मी ऐकलेले नाही. खानोलकरांचा जन्म बागलांची राई या गावातला. ज्या गावाच्या नावातच झाडी आहे तिथला हा लेखक. 'कोंडुरा' ही वेंगुर्ल्याजवळची खरीखुरी जागा आहे, तिथे खडकांच्या कोंडीत समुद्र खरोखरच गर्जतो, हे वर्गात सांगितले की मुले चकित होतात. त्यांनी कोंडुरा हे एक प्रतीक म्हणूनच पाठ केलेले असते. खानोलकरांना नियती दिसली असेल, तो त्यांचा अधिकार. पण आपण त्या शब्दाची मोळी बांधली आणि कोकणातल्या प्रत्येक दुःखावर टाकली. 'नियती' म्हटले की पुढे चौकशी संपते. शासन 'नैसर्गिक आपत्ती' म्हणते तेव्हाही तेच होते. हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत. एक समीक्षेत नोकरीला लागला, दुसरा महसुलात.

(चौकशी कधी होते तेही पाहावे. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा केलेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता, असे तेव्हा सांगण्यात आले. भोवतालचे माड त्या वाऱ्याला नुसते डोलतात. समिती नेमली गेली, गुन्हे नोंदले गेले, आणि नवा, अधिक उंच पुतळा मे २०२५मध्ये उभाही राहिला. ते व्हायलाच हवे होते. पण नऊ महिन्यांत पुन्हा उभे करता येते ते आपल्याला मौल्यवान वाटते आणि ज्याला आठ वर्षे लागतात ते अडीचशे रुपयांचे, हा हिशेब मला कुणी समजावून द्यावा.)

एक आक्षेप रास्त आहे. माणसाचा जीव आधी. म्हातारीला माडांसाठी वादळात ठेवायचे काय? नाही, मुळीच नाही. पण लोक घर का सोडत नाहीत, हा प्रश्न आपण 'हट्ट', 'अडाणीपणा', 'मातीची ओढ' अशा शब्दांनी मिटवतो. त्यातला शेवटचा तर साहित्याने पुरवलेला. काकीला मातीची ओढ नव्हती. तिला एक नेमकी माहिती होती: आपण गेलो आणि माड गेले तर किती होते हे सांगणारा कुणी उरणार नाही. ही माहिती चुकीची असती तर ती मुकाट्याने शाळेत गेली असती.

आणि वादळाआधी काहीच करता येत नाही, हेही खरे नाही. मे संपण्याआधी पाडेली मिळाला तर तयार नारळ आणि सुकी चुडते उतरवून माडाचा माथा हलका करता येतो. केळींना टेकू, कोवळ्या कलमांना काठ्या देता येतात. झाडांची मोजदाद करून, फोटो काढून ग्रामपंचायतीत ठेवता येतात. वादळानंतर मुळे अर्धीअधिक जमिनीत असलेली लहान कलमे फांद्या छाटून, कापावर बोर्डो पेस्ट लावून, मुळांवर मातीची भर घालून पुन्हा उभी करता येतात. मात्र ते मुळे सुकण्याआधी, चार-दोन दिवसांत व्हायला हवे. त्या चार-दोन दिवसांत आमच्याकडे वीज नव्हती, रस्त्यांवर झाडे होती, टाळेबंदी होती, आणि पंचनामा होईपर्यंत पडलेल्या झाडाला हात लावू नका असे सांगितले गेले होते. पुरावा राखण्यासाठी झाड मारायचे, ही आपल्या कागदाची रीत.

१६ मेला दुपारी वारा वाढल्यावर शेजारच्या मुलांनी काकीला अक्षरशः उचलून शाळेत नेले. रात्रभर ती तिथे भिंतीला टेकून बसली होती. पहाटे कुणाला न सांगता घरी गेली. मी तीन दिवसांनी पोचलो तेव्हा खळ्यात कौलांचा खच होता आणि तिने माड मोजून ठेवले होते. तेवीसांतले पाच मुळासकट आडवे. दोन उभे, पण शेंडे मोडून गेलेले. माडाला एकच कोंब असतो. तो गेला की खोड कितीही ताठ उभे राहिले तरी झाड मेलेले असते. हे कोकणातल्या पोराला कळते. पंचनाम्यात मात्र पाचच आले. 'उर्वरित दोन उभे आहेत,' असे पाहणीला आलेल्याने लिहिले, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटे नव्हते.

पाच गुणिले अडीचशे. अर्ज सामाईक खात्याचा, म्हणून सर्व खातेदारांची संमतिपत्रे जोडावीत, अशा शेऱ्यासह परत आला. काकीने तो मला वाचायला लावला आणि मग अकरा नावे एकेक करून विचारली. दोन मयतांच्या नावांपाशी तिने मला थांबवले. "हेंच्यो सहयो खंयसून हाडतलंस?" एवढेच ती म्हणाली. ते दोन माड अजून उभे आहेत.